लहान शहरातल्या बास्केटबॉल संघाचा मालक कमावतो तरी कुठून? सॅक्रामेंटो किंग्जचा हिशेब

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ३० संघ आहेत. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो ही मोठी नावं आपल्याकडेही माहीत असतात. पण याच लीगमध्ये मेम्फिस, ओक्लाहोमा सिटी, न्यू ऑर्लिन्स, मिलवॉकी, सॅन अँटोनियो, सॅक्रामेंटो अशी शहरंही आहेत. तिथली लोकसंख्या बेताची, मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं मोजकी आणि टीव्ही असलेली घरं मोठ्या शहरांच्या तुलनेत फारच कमी. अशा ठिकाणच्या संघाला तिकडे 'स्मॉल मार्केट' संघ म्हणतात. खेळाडूंचा पगार मात्र लॉस एंजेलिसच्या बाजारभावानेच द्यावा लागतो. मग हा धंदा चालतो कसा?

या प्रश्नासाठी सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ निवडला, त्याला कारण आहे. २०१३ पासून या संघाची सूत्रं विवेक रणदिवे यांच्याकडे आहेत. जन्म मुंबईचा, शिक्षण एमआयटीत, आणि पैसा कमावला तो टिब्को या सॉफ्टवेअर कंपनीतून. एनबीए संघाची सूत्रं हाती घेणारे ते भारतात जन्मलेले पहिले. आडनाव वाचून आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा बातमी उघडली असेल. बातमीत किंमत होती ५३.४ कोटी डॉलर, म्हणजे त्यावेळच्या दराने साधारण तीन हजार कोटी रुपये. इतके पैसे घालून माणसाने नेमकं काय विकत घेतलं, ते बघू.

संघ फिरत फिरत आला

किंग्ज हा संघ मूळचा सॅक्रामेंटोचा नाहीच. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात तो 'रॉयल्स' नावाने सुरू झाला. १९५१ ची एनबीए स्पर्धा त्याने जिंकली, ती आजवरची एकमेव. १९५७ मध्ये तो सिनसिनाटीला गेला, १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला आणि १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला. अमेरिकेत संघ हा मालकाच्या नावावर असतो, गावाच्या नाही. मालकाला दुसरीकडे जास्त पैसे दिसले आणि लीगमधल्या इतर मालकांनी परवानगी दिली, की सामान बांधून संघ निघाला. गावाच्या हाती उरतात जुन्या जर्सी.

हे आधीच सांगायचं कारण एवढंच, की लहान शहरातल्या संघाचा जमाखर्च या एका धमकीशिवाय समजत नाही. मालक निघून जाईल ही भीती ताळेबंदात कुठेच दिसत नाही, पण महापालिकेच्या तिजोरीतून पैसे निघतात ते तिच्यामुळेच.

जमेची बाजू: दिल्लीचा पैसा आणि गल्लीचा पैसा

संघाचं उत्पन्न दोन प्रकारचं. एक लीगकडून येणारं आणि दुसरं आपल्या गावात कमावलेलं.

लीगकडून येणाऱ्या पैशात सगळ्यात मोठा वाटा राष्ट्रीय प्रक्षेपण हक्कांचा. २०१६-१७ पासून नऊ वर्षांचा करार सुमारे २४ अब्ज डॉलरचा होता. २०२५-२६ पासून डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांच्याशी ११ वर्षांचा नवा करार सुरू झाला, तो सुमारे ७६ अब्ज डॉलरचा. (त्यातला थोडा भाग महिलांच्या डब्ल्यूएनबीए लीगचा.) हा पैसा ३० संघांत सारखा वाटला जातो. लेकर्सला जेवढा, तेवढाच मेम्फिसला. सरळ भागाकार केला तर जुन्या करारात एका संघाला वर्षाला सरासरी ९ कोटी डॉलरच्या आसपास यायचे, नव्यात ही सरासरी २३ कोटींच्या घरात जाते. रक्कम दरवर्षी चढत जाणार असल्यामुळे पहिल्या वर्षांत हातात कमी पडतात आणि शेवटी जास्त. लहान शहरातला संघ आज तगून आहे तो मुख्यतः या समान वाटणीमुळे.

आता गावातली कमाई. इथे खरी दरी आहे. प्रत्येक संघ आपल्या भागातल्या प्रक्षेपणाचे हक्क वेगळे विकतो आणि तो पैसा त्याचा स्वतःचा. ईएसपीएनने २०१७ मध्ये लीगचे गोपनीय आर्थिक कागद मिळवून एक बातमी दिली होती. त्यानुसार २०१६-१७ च्या हंगामात लेकर्सला स्थानिक प्रक्षेपणातून १४.९ कोटी डॉलर मिळाले होते आणि मेम्फिसला ९४ लाख. एकाच लीगमधले दोन संघ, एकाच नियमाने खेळणारे, आणि उत्पन्नात पंधरापट फरक. याच बातमीत आलेला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. त्या वर्षी ३० पैकी १४ संघ स्वतःच्या बळावर तोट्यात होते. श्रीमंत संघांकडून गरीब संघांना मिळणारी मदत धरल्यावरही ९ तोट्यातच राहिले.

सॅक्रामेंटो या बाबतीत मधल्या फळीत येतं. शहराची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास, पण टीव्हीच्या बाजारपेठेत देशात विसाव्या क्रमांकाच्या जवळ. मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स हे पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास असतात. शिवाय वर्षानुवर्षं सॅक्रामेंटोत मोठ्या लीगचा दुसरा कुठलाच संघ नव्हता. बेसबॉलचा ॲथलेटिक्स संघ २०२५ पासून नदीपलीकडे वेस्ट सॅक्रामेंटोत तात्पुरता खेळायला आला आहे, तोही किंग्जच्याच मालकांकडे असलेल्या मैदानावर. पण सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन स्टेट वॉरियर्ससारखा धनाढ्य शेजारी बसलेला आहे, हेही विसरून चालत नाही.

स्थानिक प्रक्षेपणाचा हा पैसाही आता पूर्वीसारखा पक्का राहिलेला नाही. लोक केबल तोडत सुटले आणि डझनावारी संघांचे सामने दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. युटा, फिनिक्स यांनी सामने साध्या अँटेनावर फुकट दाखवायला सुरुवात केली. प्रेक्षक वाढले, पण केबल कंपनीकडून दरमहा येणारा ठराविक हप्ता गेला. मोठ्या शहरातल्या मालकाला हा खड्डा भरून काढायला इतर वाटा असतात.

तिकिटाचा गुणाकार

हंगामात ८२ सामने, त्यातले ४१ घरच्या मैदानावर. किंग्जच्या मैदानात साडेसतरा हजारांच्या आसपास माणसं बसतात. म्हणजे वर्षाला सात लाखांवर खुर्च्या विकायला आहेत. तिकीट सरासरी १० डॉलरने जरी महाग झालं आणि सगळ्या खुर्च्या भरल्या, तर वर्षाला ७० लाख डॉलर वाढतात. ऐकायला मोठी रक्कम, पण आजच्या दरात एका मधल्या दर्जाच्या खेळाडूचा पगारही त्यात भागत नाही. खरा पैसा पुढच्या रांगांत आणि कंपन्यांनी वर्षभरासाठी घेतलेल्या खासगी कक्षांत असतो. लहान शहराची अडचण इथेच होते, कारण असे कक्ष घेणाऱ्या कंपन्याच कमी. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी, सरकारी कचेऱ्यांचं शहर. सरकारी बाबू दहा हजार डॉलरचा कक्ष घेऊन पाहुण्यांना सामना दाखवत नाही.

बाद फेरी गाठली तर मात्र गणित पालटतं. खेळाडूंचा पगार नियमित हंगामावर ठरलेला असतो, बाद फेरीसाठी मालकाला वेगळा पगार द्यावा लागत नाही. बाद फेरीतल्या घरच्या प्रत्येक सामन्याचं तिकीट चढ्या भावाने जातं. त्यातला काही हिस्सा लीगकडे जातो, बाकीचा जवळपास निव्वळ फायदा. किंग्जला २००६ नंतर सलग १६ हंगाम ही चव मिळाली नाही, आणि इतका लांब दुष्काळ एनबीएच्या इतिहासात दुसऱ्या कुणाचाच नाही. २०२३ मध्ये तो संपला. वॉरियर्सविरुद्धची मालिका सात सामन्यांपर्यंत गेली, त्यातले चार सामने सॅक्रामेंटोत झाले. शेवटी किंग्ज हरले. हिशेबनीसाच्या दृष्टीने मात्र ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत जाणं हेच सोनं होतं.

जाहिरातीतली दोन नावं आपल्या वाचकांना ओळखीची वाटतील अशा जातीची आहेत. किंग्जच्या मैदानाचं नाव 'गोल्डन वन सेंटर'. गोल्डन वन ही बँक नाही, ती क्रेडिट युनियन आहे. आपल्या भाषेत पतसंस्था, सभासदांच्या मालकीची. २० वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊन तिने मैदानाला आपलं नाव लावलं. दुसरं नाव ब्लू डायमंड ग्रोअर्स. ही कॅलिफोर्नियातल्या बदाम उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था, मुख्यालय सॅक्रामेंटोतच. २०१७-१८ च्या हंगामापासून एनबीएने जर्सीवर छोटी जाहिरात लावू दिली, तेव्हा किंग्जच्या जर्सीवर पहिल्यांदा याच बदामवाल्यांची पट्टी आली. न्यूयॉर्कच्या संघाला जागतिक कंपन्या रांगेत मिळतात. लहान गावातल्या संघाला पतसंस्थेच्या आणि शेतकरी संघाच्या दारात जावं लागतं. साखर कारखान्याच्या नावाने कुस्तीचं मैदान भरवणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको.

खर्चाची बाजू

खर्चात पहिला आणि सर्वात मोठा आकडा खेळाडूंचा. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या करारानुसार बास्केटबॉलशी संबंधित एकूण उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के हिस्सा खेळाडूंना जातो. ऊसदराचं ७०:३० चं सूत्र ज्याला तोंडपाठ आहे त्याला हे लगेच कळेल: आधी एकूण उत्पन्न मोजायचं, मग कष्ट करणाऱ्याचा वाटा बाजूला काढायचा. खेळाडूंच्या पगारातले १० टक्के वेगळ्या खात्यात राखून ठेवतात. वर्षाअखेर हिशेब झाल्यावर खेळाडूंना ठरल्यापेक्षा जास्त गेलेले दिसले, तर त्या खात्यातून मालकांना परत.

२०११ पूर्वी हा वाटा ५७ टक्के होता. त्या वर्षी मालकांनी १६१ दिवस टाळेबंदी केली, हंगाम ८२ ऐवजी ६६ सामन्यांवर आला आणि खेळाडूंचा वाटा पन्नाशीवर आणला गेला. लहान शहरातल्या मालकांना श्रीमंत संघांकडून मिळणारी मदतही त्याच सुमारास वाढवण्यात आली. संघांच्या किमती पुढे ज्या भडकल्या, त्याचं पहिलं कारण माझ्या मते हेच. घरबसल्या सहा-सात टक्के खर्च कमी झाला.

प्रत्येक संघाच्या पगारावर कमाल मर्यादा आहे. २०२५-२६ साठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर. ही मर्यादा नावाचीच, कारण आपल्याच खेळाडूला ठेवण्यासाठी ती ओलांडता येते. पण १८ कोटी ७९ लाखांच्या वर गेलं की दंड सुरू. त्याला लक्झरी टॅक्स म्हणतात, आणि जितकं वर जाल तितका दर चढतो. पुन्हा पुन्हा वर जाणाऱ्याला आणखी जास्त. जमा झालेल्या दंडाचा वाटा रेषेखाली राहिलेल्या संघांना मिळतो. म्हणजे रेषेच्या एक पाऊल खाली राहणं हा लहान मालकासाठी दुहेरी फायदा: दंड वाचतो आणि दुसऱ्याच्या दंडातला हिस्साही येतो. उलट फार कमी पगार देऊन पैसे वाचवीन म्हटलं तर तेही चालत नाही, मर्यादेच्या ९० टक्के खर्च करावाच लागतो.

या रेषेची किंमत ओक्लाहोमा सिटीने मोजली आहे. २०१२ मध्ये हा संघ अंतिम फेरीत खेळला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी जेम्स हार्डन हा तरुण खेळाडू ह्यूस्टनला देऊन टाकला. पुढच्या पगाराचा आणि दंडाचा भार पेलायची तयारी नव्हती. हार्डन पुढे लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. ओक्लाहोमाला विजेतेपदासाठी २०२५ पर्यंत थांबावं लागलं.

पगार हमीचे असतात, खेळाडू जखमी झाला तरी द्यावेच लागतात. प्रशिक्षकांचंही तसंच. माईक ब्राऊन यांना २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान मिळाला, २०२४ च्या उन्हाळ्यात किंग्जने त्यांचा करार वाढवला आणि डिसेंबरात त्यांना काढून टाकलं. अशा वेळी एका खुर्चीसाठी दोन पगार निघतात. याशिवाय खास विमानं, डॉक्टर, स्टॉकटन इथला दुय्यम संघ, मैदानाची देखभाल, कर्जाचं व्याज. यातलं काहीच शहर लहान म्हणून स्वस्त मिळत नाही.

मैदान कुणाचं, पैसे कुणाचे

लहान शहराच्या संघात पैसा खरा कुठे अडकतो आणि कुठून सुटतो, ते मैदानात बघावं लागतं.

रणदिवे यांच्याआधी संघ मालूफ कुटुंबाकडे होता. त्यांनी १९९८-९९ च्या सुमारास तो घेतला आणि सुरुवातीची वर्षं झकास गेली. पण त्यांचा मुख्य धंदा लास वेगासमधला पाम्स कॅसिनो. २००८ च्या मंदीत तो गाळात गेला आणि २०११ पर्यंत कॅसिनोवरचा ताबाही सुटला. मोठ्या शहरातला संघ स्वतःच्या पायावर उभा राहतो. लहान शहरातल्या संघाला मालकाच्या दुसऱ्या खिशाचा आधार लागतो, आणि तो खिसा फाटला की संघ हलतो. मालूफ आधी ॲनाहाइमला निघाले. मग सॅक्रामेंटोत नवं मैदान बांधायचा समझोता झाला, तो २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच मोडला. जानेवारी २०१३ मध्ये सिएटलच्या ख्रिस हॅन्सन आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बाल्मर यांना ६५ टक्के हिस्सा विकायचं ठरलं. संघ सिएटलला जाणार, हे जवळपास पक्कं झालं.

महापौर होते केव्हिन जॉन्सन, स्वतः माजी एनबीए खेळाडू. त्यांनी रणदिवे यांच्या पुढाकाराने दुसरा खरेदीदार गट उभा केला. रणदिवे तेव्हा वॉरियर्समध्ये भागीदार होते, तो हिस्सा त्यांना विकावा लागला. सिएटलवाल्यांनी बोली वाढवत ६२.५ कोटी डॉलरपर्यंत नेली. तरीही १५ मे २०१३ ला लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं आणि महिनाअखेर संघ रणदिवे गटाला ५३.४ कोटींच्या मूल्यांकनावर मिळाला. (बाल्मर यांनी पुढच्याच वर्षी २ अब्ज डॉलर मोजून लॉस एंजेलिस क्लिपर्स घेतला.)

जास्त बोली नाकारून कमी बोली का स्वीकारली? लीगला गावाचं प्रेम आलं म्हणून, असं मानायचं कारण नाही. सॅक्रामेंटो महापालिकेने नव्या मैदानासाठी पैसे ओतायची तयारी दाखवली होती. मैदानाला पैसे देणाऱ्या शहराला लीगने वाऱ्यावर सोडलं, तर पुढे दुसऱ्या कुठल्या शहराने पैसे द्यावेत?

मैदान ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडलं. खर्च ५५ कोटी डॉलरच्या पुढे गेला, त्यात महापालिकेचा वाटा २५.५ कोटी. त्यासाठी २०१५ मध्ये शहराने सुमारे २७ कोटी ३० लाख डॉलरचे कर्जरोखे काढले. परतफेड कशातून? संघाच्या भाड्यातून आणि शहराच्या पार्किंगच्या उत्पन्नातून. गावात गाडी लावणाऱ्या प्रत्येकाच्या मीटरमधलं नाणं बास्केटबॉलच्या कर्जाला जातं, मग तो सामना बघो न बघो. संघ ३५ वर्षं शहर सोडणार नाही असा करार झाला. इमारत शहराच्या नावावर, चालवतो संघ. तिथले संगीताचे कार्यक्रम, खाणंपिणं, जाहिराती यांचं उत्पन्न संघाकडे. शिवाय शहराने काही जमिनी आणि रस्त्याकडेच्या डिजिटल जाहिरात फलकांच्या जागाही दिल्या. यावर नागरिकांचं मत घ्यावं म्हणून सह्यांची मोहीम झाली, ती कोर्टात टिकली नाही. मतदान झालंच नाही. दिलेल्या सवलतींची किंमत शहराने कमी दाखवली असा दावा करणारा खटलाही २०१५ मध्ये शहराच्या बाजूने सुटला.

ओक्लाहोमा सिटीने निदान लोकांना विचारलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे मतदान झालं: सहा वर्षं एक टक्का विक्रीकर, त्यातून किमान ९० कोटी डॉलरचं नवं मैदान, संघाचे त्यात ५ कोटी. सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. संघ २०५० पर्यंत गावात राहणार. मिलवॉकीत २५ कोटी सरकारी तिजोरीतून आले, जुने मालक हर्ब कोल यांनी १० कोटी स्वतःचे दिले आणि नव्या मालकांनी १५ कोटी.

अशा मैदानांमुळे गावाला आर्थिक फायदा होतो का, यावर अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी गेली तीस-चाळीस वर्षं भरपूर काम केलं आहे. बहुतेकांचा निष्कर्ष एकच: घातलेल्या सरकारी पैशाच्या मानाने मिळतं फार थोडं. सामन्यावर खर्च होणारा डॉलर एरवी त्याच गावात सिनेमावर किंवा हॉटेलात खर्च झाला असता. सॅक्रामेंटोच्या मध्यवस्तीत ओस पडलेल्या मॉलच्या जागी वर्दळ आली, शेजारी हॉटेल उभं राहिलं, हे डोळ्यांना दिसतं आणि ते नाकारता येणार नाही. पण हॉटेलच्या धंद्यात संघाची माणसं भागीदार, आणि पार्किंग पडलं तर जबाबदारी शहराची. ११ मार्च २०२० च्या रात्री किंग्ज आणि न्यू ऑर्लिन्सचा सामना सुरू होण्याच्या क्षणी कोरोनामुळे रद्द झाला, लोकांना घरी पाठवलं, आणि पुढे कित्येक महिने मैदानही रिकामं आणि रस्त्यावरचे मीटरही रिकामे. रोख्यांचे हप्ते थांबत नसतात.

तोटा जो कामाला येतो

वाणिज्य शाखेच्या माणसाला सगळ्यात गंमत वाटावी असा भाग आता येतो. अमेरिकेच्या आयकर कायद्यात संघाची खरेदी किंमत, म्हणजे खेळाडूंचे करार, लीगचं सभासदत्व, प्रक्षेपणाचे हक्क, नावलौकिक, हे सगळं १५ वर्षांत समान हप्त्यांनी खर्ची टाकता येतं. २००४ च्या कायद्याने हे स्पष्ट केलं. ५३.४ कोटींना पंधराने भागा: वर्षाला साडेतीन कोटी डॉलरहून जास्त घसारा. (सगळी किंमत अशा मालमत्तेची धरली तर.) यंत्र झिजतं, ट्रक झिजतो, म्हणून घसारा. इथे तर वस्तूची किंमत दरवर्षी वाढते आहे आणि पुस्तकात ती झिजते आहे! हातात रोख नफा आलेला असताना कागदावर तोटा दिसतो, आणि मालकाला आपल्या दुसऱ्या उत्पन्नासमोर तो लावण्याची वाट मिळते. विकताना कर लागतो, पण तोवर ते पैसे मालकाकडे फिरत राहतात. आपल्याकडे २०२१ च्या वित्त कायद्याने नावलौकिकावरचा, म्हणजे गुडविलवरचा घसारा बंदच केला.

त्यामुळे 'संघ तोट्यात आहे' असं कुठल्याही मालकाने म्हटलं की तोटा कुठला, असं विचारायला हवं. रोखीचा, की घसाऱ्यानंतरचा? मैदानाचं उत्पन्न त्यात धरलं आहे, की ते दुसऱ्या कंपनीच्या नावावर टाकलं आहे?

खरा नफा विकताना

हमरस्त्याला लागून जमीन असलेला शेतकरी बघा. पीक बेताचं, हातात रोकड नाही, सोसायटीचं कर्ज आहे. पण एकराचा भाव विचारला तर तो कोट्यधीश. लहान शहरातल्या संघाचा मालक बराचसा तसा असतो.

मिलवॉकी बक्स २०१४ मध्ये ५५ कोटी डॉलरला विकला गेला. २०२३ मध्ये त्यातला २५ टक्के हिस्सा साडेतीन अब्जांच्या मूल्यांकनाने हातबदल झाला. म्हणजे नऊ वर्षांत सहापटीहून जास्त, वर्षाला जवळपास २३ टक्के चक्रवाढ. मायकल जॉर्डनने शार्लट २७.५ कोटींच्या मूल्यांकनाने घेतला होता, १३ वर्षांनी त्यातला बहुतांश हिस्सा ३ अब्जांच्या मूल्यांकनाने विकला. किंग्जचा २०२१ मधला व्यवहार बघा: आर्क्टोस या गुंतवणूक फंडाने साधारण १७ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा संघाचं मूल्य १.८ अब्ज डॉलर धरल्याच्या बातम्या होत्या. २०१३ पासून ही वाढ वर्षाला १६ टक्क्यांच्या आसपास पडते, आणि तीही त्यातली बहुतेक वर्षं संघ मैदानावर हरत असताना.

संघ हरतो आणि किंमत वाढते, याचं कारण जागा फक्त ३० आहेत. शेवटचा नवा संघ २००४ मध्ये शार्लटला मिळाला. नवे संघ घ्यायचे ठरले तर प्रवेश शुल्क सगळ्या जुन्या मालकांत सारखं वाटलं जाईल आणि त्यात खेळाडूंचा वाटा नसतो. सिएटल आणि लास वेगासची नावं त्यासाठीच चर्चेत असतात.

पण या वाढीत दोन खाचखळगे आहेत. एक, छोट्या भागीदारांचे. किंग्जमध्ये रणदिवे एकटे नाहीत, अनेक भागीदार आहेत. शकील ओ'नील हा माजी खेळाडूही २०१३ ते २०२२ छोटा भागीदार होता. लीगपुढे उत्तरदायी आणि निर्णय घेणारा एकच माणूस असतो. बाकीच्यांना लाभांश मिळेलच असं नाही, उलट पैसे कमी पडले तर सगळ्यांना आपापल्या हिश्श्याप्रमाणे भर घालायला सांगता येतं. नाही घातली तर हिस्सा आकसतो. म्हणूनच कमी टक्क्याचा हिस्सा एकूण मूल्यांकनापेक्षा स्वस्तात जातो. फंडांना एनबीएने दार उघडलं ते याच अडकलेल्या भागीदारांना बाहेर पडता यावं म्हणून. दुसरा खळगा असा, की वर दिलेली चक्रवाढ काढताना मधल्या काळात मैदानात घातलेले पैसे आणि भरलेले तोटे धरलेले नाहीत. ते धरले की टक्का खाली येतो. किती, ते ज्याच्या वह्या त्यालाच ठाऊक.

मुंबईत दोन सामने

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. भारतातले एनबीएचे ते पहिले सामने, हंगामापूर्वीचे सरावाचे. दोन्ही पेसर्सने जिंकले, पहिला जादा वेळेत १३२-१३१ असा. रणदिवे यांच्या जन्मगावी त्यांचा संघ आला म्हणून तेव्हा बरंच लिहून आलं. मात्र परदेशातून येणारा प्रक्षेपणाचा पैसा लीगच्या सामाईक खात्यात जातो आणि तिथून तीस वाटे पडतात. भारतात बास्केटबॉल वाढला तर त्याचा फायदा सॅक्रामेंटोला जेवढा, तेवढाच न्यूयॉर्कला. २०१५ मध्ये किंग्जने सिम भुल्लर या भारतीय वंशाच्या, कॅनडात जन्मलेल्या खेळाडूला दहा दिवसांच्या करारावर घेतलं होतं. एनबीएत खेळलेला तो भारतीय वंशाचा पहिला. त्याच वर्षी पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसने निवडलं, पण एनबीएचा सामना त्याला खेळायला मिळाला नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत किंग्जने आपला सर्वात मोठा खेळाडू डी'ॲरन फॉक्स सॅन अँटोनियोला दिला. तो करार वाढवायला तयार नव्हता, आणि करार संपल्यावर फुकट गेला असता तर हाती काहीच राहिलं नसतं. सॅन अँटोनियोही लहानच बाजारपेठ. मैदानाच्या ३५ वर्षांच्या कराराची मुदत अजून बरीच आहे, पार्किंगच्या मीटरवर कर्जाचे हप्ते चालू आहेत, आणि ५३.४ कोटींवरच्या घसाऱ्याची १५ वर्षं २०२८ मध्ये संपतात.